चाकांवरचे घर आणि एक गाळणी

सेवानिवृत्त माणूस अमेरिकेला जाऊन आला की त्याच्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते. एक म्हणजे त्याने भेटेल त्याला तिथल्या रस्त्यांची रुंदी सांगावी आणि दुसरी म्हणजे नायगऱ्याच्या धबधब्यापुढे उभे राहून काढलेले छायाचित्र दाखवावे. मी नायगरा पाहिला नाही. आपल्या वार्षिक अंकाच्या संपादकांनी 'सर, अमेरिकेवर काहीतरी द्याच' असा आग्रह धरला, तेव्हा मी त्यांना आधीच सांगून टाकले, की माझ्याजवळ प्रवासवर्णन नाही. माझ्याजवळ एका भट्टीची हकिकत आहे. ते थोडे हिरमुसले. पण ज्या वर्गात मी तीस वर्षे धूर आणि अग्नी यांची व्याप्ती शिकवली, त्या वर्गातल्या मुलांना तरी भट्टीची हकिकत परकी वाटू नये.

माझी मुलगी परिचारिका आहे. अमेरिकेत फिरत्या परिचारिकांची एक पद्धत आहे. एखाद्या गावच्या रुग्णालयात माणसे कमी पडली की तेवढ्यापुरता करार करून त्यांना बोलावतात. हा करार बहुधा तेरा आठवड्यांचा असतो. तो संपला की दुसरे गाव, दुसरे रुग्णालय. दर तेरा आठवड्यांनी भाड्याचे घर शोधण्यापेक्षा अशा कामावरची काही माणसे घरच बरोबर घेऊन फिरतात. मोटारीमागे ओढत न्यायच्या या घराला तिकडे 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणतात. आपल्याकडे ऊसतोडणीची माणसे गाडीत संसार घालून हंगामापुरती कारखान्यावर जातात, त्यांची मला पहिल्याच दिवशी आठवण झाली. फरक इतकाच, की या गाडीला न्हाणीघर आहे, शीतकपाट आहे आणि भट्टी आहे. लांबी चोवीस फूट, रुंदी आठ फूट. त्यात मुलगी, जावई, पाच वर्षांचा नातू आणि एक केसाळ कुत्रा. २०२३ च्या डिसेंबरात त्यात मी पाचवा दाखल झालो.

खरे सांगायचे तर मुलीने असे चाकांवर राहावे हे मला फारसे रुचलेले नव्हते. स्थिर घराची ओढ आपल्या पिढीच्या हाडांतच आहे. पण मुलगी चाळिशीला आली, की बापाचे मत हे देवघरातल्या घंटेसारखे असते. ती जागेवर असावी. सारखी वाजवू नये.

त्या हिवाळ्यात त्यांचा मुक्काम न्यू मेक्सिको राज्यातल्या आल्बुकर्की शहराबाहेर होता. नाव ऐकून कोणाला गोवा जिंकणारा आफोन्सो द अल्बुकर्क आठवेल. त्याचा या शहराशी संबंध नाही. १७०६ मध्ये हे वसले तेव्हा न्यू स्पेनच्या त्या वेळच्या व्हाइसरॉयचे, आल्बुकर्कीच्या ड्यूकचे, नाव त्याला दिले गेले. समुद्रसपाटीपासून हे शहर सुमारे पाच हजार तीनशे फूट उंचीवर आहे. पूर्वेला सँडिया पर्वत, मधून रिओ ग्रांदे नदी, आणि बाकी सगळीकडे मोकळे, कोरडे, धुळीचे माळरान. दिवसा ऊन छान पडते. रात्री मात्र पारा शून्याच्या खाली उतरतो. वारा सुटला की ती बारीक तांबूस धूळ दाराच्या फटीतून आत येते आणि सगळ्यांच्या आधी जेवायला बसते.

या थंडीत भट्टीवाचून रात्र निघत नाही. आणि भट्टी लागली की नातवाला खोकला येई. रात्री दीड-दोनला सुरुवात होई, ती पहाटेपर्यंत. मुलगी रात्रपाळीला गेलेली असे. जावई त्याला उठवून बसवीत, पाठ चोळीत, डॉक्टरांनी दिलेले औषध नळकांड्यातून ओढायला लावीत. मी पलीकडच्या बाकावर पडून ते ऐकत असे. चोवीस फुटांच्या घरात खोकल्याला दुसरी खोली नसते. डॉक्टरांचे म्हणणे असे होते, की पोराची श्वासनलिका हळवी आहे. घरातली धूळ आणि कुत्र्याचे केस जितके कमी करता येतील तितके करा.

एका सकाळी जावई जेवणाच्या टेबलाजवळच्या बाकाखालची जाळी स्क्रू काढून उघडीत होते. मी सहज डोकावलो. भट्टी त्या बाकाच्या पोटात बसवलेली होती. जाळीच्या आतल्या बाजूला कुत्र्याचे केस, लोकरीची लव, धूळ, आणि कोथिंबिरीची एक वाळलेली काडी यांचा मिळून एक राखाडी नमदा तयार झाला होता.

"बाबा, इथूनच ती खोलीतली हवा आत ओढते," जावई म्हणाले. "आणि मध्ये गाळणी म्हणून काहीच नाही."

"कंपनीनं बसवली नाही?"

"घरांच्या भट्ट्यांना असते. ह्या गाड्यांच्या भट्ट्यांना बहुतेक नसतेच."

नसते का, हा प्रश्न माझ्यातल्या शिक्षकाला स्वस्थ बसू देईना. मी भट्टीची पुस्तिका मागून घेतली आणि चष्मा लावून दोन दिवस वाचली. त्यातून जे समजले ते असे.

या भट्टीत दोन हवा असतात, आणि त्यांनी एकमेकींचे तोंडही पाहायचे नसते. पहिली हवा बाहेरची. ती गाडीच्या भिंतीतल्या एका तोंडाने आत येते, गॅसच्या ज्योतीला मिळते आणि जळून झालेला वायू दुसऱ्या तोंडाने पुन्हा बाहेर जातो. हे सगळे एका बंद धातूच्या पेटीत घडते. दुसरी हवा खोलीतली. ती त्या तापलेल्या पेटीच्या बाहेरून, तिच्या अंगाला चाटून जाते, गरम होते आणि नळ्यांतून खोलीत परतते. एकाच मोटारीच्या दांड्यावर दोन पंखे बसवलेले. एक ज्योतीला हवा पुरवतो, दुसरा खोलीतली हवा फिरवतो. मोटार बारा व्होल्टची, बॅटरीवर चालण्याजोगी. म्हणजे ताकद बेताचीच.

गॅसही आपल्या सिलिंडरमधला नव्हे. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेन शून्याच्या जरा खाली, उणे अर्ध्या अंशालाच द्रवरूप होऊन बसतो. अशा थंडीत तो सिलिंडरमधून वर येणारच नाही. म्हणून तिकडे नुसते प्रोपेन वापरतात. ते उणे बेचाळीस अंशांपर्यंत वायुरूप राहते.

आता भट्टी पेटते कशी, ते पाहा. खोली गार झाली की भिंतीवरचा थर्मोस्टॅट इशारा देतो. लगेच गॅस सुटत नाही. आधी पंखा सुरू होतो. पंख्याच्या वाऱ्यात शिडासारखी एक छोटी पत्र्याची पाती टांगलेली असते. वारा पुरेसा झाला की ती पाती ढकलली जाऊन कळ दाबते, आणि मगच गॅसची झडप उघडून ठिणगी पडते. वारा पुरेसा नसेल तर पाती हलत नाही आणि गॅस सुटतच नाही. भट्टी पेटल्यावर दुसरा एक पहारेकरी जागा असतो. धातूची पेटी फाजील तापली, तर तो गॅस तोडतो आणि पंखा मात्र चालू ठेवतो. पेटी निवली की पुन्हा पेटू देतो. अशा या सावध यंत्राचे सगळे शहाणपण एका गोष्टीवर उभे आहे : खोलीतली हवा त्याच्यातून मोकळेपणाने वाहत राहिली पाहिजे.

पुस्तिकेत म्हणूनच हवेच्या वाटेचे किमान क्षेत्रफळ चौरस इंचांत दिले होते. गाळणी का नसते, याचे उत्तर मला तिथे मिळाले. गाळणी तुंबते. तुंबलेली गाळणी वेळेवर बदलणारा माणूस प्रत्येक गाडीत असेलच, असे कारखान्याला गृहीत धरता येत नाही.

जावयांचे वाचन होण्याआधी त्यांचा हात चालतो. मी पुस्तिका वाचत होतो तोवर त्यांनी दुकानातून उत्तमातली उत्तम गाळणी आणली होती. तिकडे गाळण्यांना 'मर्व्ह' नावाच्या मापाने अंक देतात. तो १ पासून १६ पर्यंत चढतो. जितका अंक मोठा, तितके बारीक कण अडतात. त्यांनी १३ अंकाची आणली, कात्रीने जाळीच्या मापाची कापली आणि आतून बसवली. नातवासाठी बापाने सर्वांत चांगले तेच आणावे, यात नवल काहीच नाही.

त्या रात्री भट्टी पेटली, आणि पाच-सहा मिनिटांत विझली. पंखा घोंघावत राहिला. थोड्या वेळाने पुन्हा पेटली, पुन्हा विझली. पहाटे तीनला गाडीत इतका गारठा झाला, की नातवाला दोघांच्या मध्ये घेऊन आम्ही तीन पांघरुणांखाली बसलो. कुत्राही वर आला. त्याला कोणी नको म्हटले नाही.

सकाळी शेजारच्या गाडीतले म्हातारे गृहस्थ चौकशीला आले. आयुष्यभर त्यांनी अशा भट्ट्यांचीच दुरुस्ती केली होती. त्यांनी जाळीला हात लावला, कापलेली गाळणी बाहेर ओढली आणि इंग्रजीत जे म्हणाले त्याचे मराठी असे होईल : "तुम्ही तिचं नाक दाबलंत." आपल्याकडे नाक दाबले की तोंड उघडते म्हणतात. भट्टीचे उलटे. तिचे नाक दाबले की ती तोंड मिटून घेते.

मग ते जे बोलले त्याने आम्ही दोघेही गंभीर झालो. भट्टी विझते ती तिच्या शहाणपणाने, त्याची भीती नाही. पण असे रोज फाजील तापणे आणि निवणे चालले, तर कधी ना कधी त्या धातूच्या पेटीला तडा जाऊ शकतो. तडा गेला की ज्या दोन हवांनी भेटायचे नाही त्या भेटतात. ज्योतीचा वायू खोलीत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो.

इथे मला माझा वर्ग आठवला. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'तले उदाहरण आपल्या मुलांना पाठ असते : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, जसा स्वयंपाकघरात. धूर तिथे अग्नी, हे खरे. पण अग्नी तिथे धूर, हे खरे नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओले सरपण लागते. ही अट परीक्षेत दोन गुणांसाठी विचारून मी कितीतरी मुलांना छळले आहे. त्या सकाळी बाकाखालच्या लोखंडी पेटीकडे पाहताना ते दोन गुण मला फार महाग वाटले. आपल्या आया-आज्या चुलीच्या धुराने डोळे चोळीत, पण त्या धुराने त्यांना निदान सावध तरी केले. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्याचे अनुमान करायला इंद्रियांजवळ हेतूच नाही. म्हणून त्यासाठी वेगळे यंत्र लागते. गाडीत ते होते. म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याचे बटण दाबून आवाज तपासला आणि त्याच्या पाठीवरची मुदतीची तारीखही पाहिली. ही यंत्रेसुद्धा कायमची नसतात. जमिनीलगत गॅसगळतीचे दुसरे यंत्र होते. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असल्यामुळे ते खाली साठते, म्हणून त्याची जागा खाली.

गृहस्थांनी भट्टीची पेटी, ज्योत आणि पाती तपासून दिली. सगळे ठीक होते. आता प्रश्न असा उरला, की धूळ अडवायची आणि हवा अडवायची नाही, हे जमवायचे कसे?

जावई म्हणाले, "बाबा, अंदाजानं नको. मोजून करू."

तर्कशास्त्राच्या माणसाला याहून गोड वाक्य कोणते? जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात व्यतिरेक पद्धती सांगितली. बाकी सगळी परिस्थिती तीच ठेवायची, एकच गोष्ट बदलायची, आणि फरक पडला तर तो त्या गोष्टीच्या खात्यावर मांडायचा. आम्ही स्वयंपाकघरातला लांब सुईचा तापमापक घेतला. तिकडे तो मांस भाजताना वापरतात. आमच्या शाकाहारी घरात तो दह्याच्या विरजणासाठी होता. भट्टीच्या सर्वांत जवळच्या नळीच्या तोंडाशी तो धरून मी बसलो. जावई घड्याळ पाहत. गाळणीशिवाय हवा १२८ अंश फॅरनहाइटवर स्थिरावली आणि भट्टी खोली गरम होईपर्यंत जळत राहिली. दाट गाळणी लावून पाहिली, तर पारा १५० च्या वर गेला आणि सहाव्या मिनिटाला ज्योत तुटली. गाळणी काढली, पुन्हा १२८. नातवाने हे आकडे आपल्या चित्रकलेच्या वहीत लिहून घेतले. त्याचे तीन उलटे होते, पण नोंद खरी होती.

यावर पहिला उपाय, गाळणीच विरळ घ्यायची. पिठाच्या चाळणीने कोणी गहू चाळीत नाही. भट्टीत जाऊन तिची पाती आणि पंखा खराब करणारे असतात ते केस, लव, धुळीचे मोठे कण. त्यांना अडवायला काचतंतूंची साधी, स्वस्त, हातात धरली तर पलीकडचे दिसेल अशी गाळणी पुरते.

दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा, आणि तो शाळेतल्या अंकगणिताचा आहे. जाळी चौदा इंच बाय दहा इंच, म्हणजे १४० चौरस इंच. सगळी हवा एवढ्याच वाटेने जायची. हीच वाट रुंद केली तर तेवढीच हवा प्रत्येक इंचातून सावकाश जाईल, आणि हवा जितकी सावकाश तितका गाळणीचा अडथळा कमी. तिकडे सोळा बाय पंचवीस इंचांची तयार गाळणी दुकानात मिळते. कडेला अर्धा-अर्धा इंच टेकायला सोडला, तर मोकळे तोंड पंधरा बाय चोवीस, म्हणजे ३६० चौरस इंच होते. पहिल्याच्या अडीचपटीहून जास्त. हवेचा वेग सुमारे चाळीस टक्क्यांवर येतो. धूळ अडवायची तर छिद्रे लहान करण्याआधी वाट मोठी करावी, एवढे हे सूत्र आहे.

बाकाची पुढची प्लायवुडची फळी तेवढी कापायला जागा होती. बसणाऱ्याचा भार फळीवर नसून आतल्या चौकटीवर आहे, हे शेजाऱ्यांनी पाहून दिले. जावयांनी फळी कापली. मी लाकडी पट्ट्यांना सँडपेपर मारला. एवढ्या वर्षांत खडूखेरीज हाताला दुसरी भुकटी लागली ती ही. गाळणी आत ओढली जाऊन भट्टीला टेकू नये म्हणून तिच्या मागे तारेची मोकळी जाळी ठोकली. भट्टीपासून पुस्तिकेत सांगितलेले अंतर राखले. कडांना चिकट फोमची पट्टी लावली, कारण हवा पाण्यासारखीच आळशी; फट दिसली की ती गाळणीतून कशाला जाईल? बाकाच्या पोटात इतके दिवस सगळ्यांचे जोडे ठेवलेले असत. ते बाहेर काढले. गॅसच्या नळीला, तारांना, भट्टीच्या अंगाला आम्ही हात लावला नाही. ते काम ज्याचे त्याने करावे.

पुन्हा तापमापक, पुन्हा घड्याळ. १३१ अंश. भट्टी अखंड जळली. शेजाऱ्यांनी मान डोलावली आणि आमच्याकडचा एक कप आल्याचा चहा घेतला.

तो चहा गाळताना मला एक जुनी गोष्ट आठवली. माझी आई पाणी भरताना हंड्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याची घडी बांधी. कोणी नवे फडके दिले तर म्हणे, "त्यातनं घाण जाते." आम्ही हसत असू. पुढे बांगलादेशात रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच अभ्यास केला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. साडीच्या घड्यांतून पाणी गाळले, की पटकीचे जंतू ज्यांच्या अंगाला चिकटून राहतात ते सूक्ष्म जीव अडतात, आणि अशी गाळणी वापरणाऱ्या खेड्यांत पटकीचे रुग्ण सुमारे निम्म्याने कमी झाले. जुन्या साडीचे सूत धुऊन धुऊन पिंजते, त्यामुळे तिची छिद्रे नव्यापेक्षा बारीक होतात. आईचे म्हणणे खरे होते. पण घड्या किती घालायच्या, हेही तिला ठाऊक होते. फार घातल्या तर पाणी वरच तुंबते, मागे रांग लागते, आणि मग माणसे फडके काढून टाकून तसेच भरतात. गाळणीची खरी परीक्षा ती किती अडवते यात नाही. जे जायला हवे ते जाऊ देऊन ती किती अडवते, यात आहे.

मात्र भट्टीच्या या विरळ गाळणीने नातवाच्या छातीला त्रास देणारी बारीक धूळ अडणार नव्हती, हे आम्हाला कळत होते. जावयांची दाट गाळणी तर पडून होती, पण ती आता कापलेली. त्यांनी वीस इंची नवी आणली आणि चौकोनी पेटीपंख्याच्या पाठीला चिकटपट्टीने घट्ट बसवली. ही युक्ती तिकडे आता घरोघर माहीत आहे. २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, अभियांत्रिकीचे प्राध्यापक रिचर्ड कोर्सी आणि गाळण्यांच्या धंद्यातले जिम रोझेन्थाल यांनी अशा चार गाळण्या आणि एक पंखा यांची पेटी सुचवली. ती त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते. शाळाशाळांतून मुलांनी आणि शिक्षकांनी हाताने अशा पेट्या जुळवल्या. आमच्या गाडीत चार गाळण्यांना जागा नव्हती, एकीवर भागवले. ती नातवाच्या बिछान्याच्या पायथ्याशी मंद घुमत असे. भट्टीने उष्णता द्यावी, पंख्याने धूळ गाळावी. एकाच बिचाऱ्या मोटारीच्या डोक्यावर दोघांचे ओझे नको, अशी आम्ही कामाची वाटणी करून टाकली.

आता वाचक विचारतील, की खोकला गेला का? कमी झाला. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो आठवड्यातून एखाद्या रात्री येई. पण मी तर्कशास्त्राचा माणूस आहे. त्याच सुमारास डॉक्टरांनी औषधाची मात्रा बदलली होती. कुत्र्याला बाकावर झोपवायला लागलो होतो. थंडीही ओसरत होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर कावळ्याने फांदी मोडली असे म्हणू नये, हे मी मुलांना काकतालीय न्याय शिकवताना सांगत आलो. भट्टीचे आम्ही मोजू शकलो, कारण तिथे एक गोष्ट काढून पुन्हा घालता येत होती. पोराच्या छातीवर तसा प्रयोग कोणता आजोबा करील? गाळणी काढून, तो पुन्हा खोकतो का, हे पाहायची मला इच्छा नव्हती. काही निष्कर्ष अपुरे राहिलेलेच बरे.

एका महिन्याने आम्ही पहिली गाळणी बदलली. ती काढून उजेडात धरली. पांढरे तंतू राखाडी झाले होते. त्यात कुत्र्याचे केस होते, माझ्या स्वेटरची लोकर होती, माळावरची तांबूस माती होती आणि नातवाच्या रंगीत कागदाचे दोन कपटे होते. मुलगी रात्रपाळीवरून नुकतीच आली होती. ती त्या गाळणीकडे पाहत कितीतरी वेळ उभी राहिली.

"बाबा, हे सगळं आमच्या पोटात जात होतं?"

"थोडं तुमच्या. बाकीचं भट्टीच्या."

ती हसली आणि तशीच गणवेशात बाकावर बसली. खाली भट्टी चालू होती. मग म्हणाली, "तुम्हाला आवडत नाही ना हे आमचं असं राहणं? तुम्ही बोलत नाही, पण कळतं मला."

मी म्हटले, "मी बोलत नाही, कारण तुला श्वास घ्यायला जागा हवी."

यावर तिने काही उत्तर दिले नाही. तिने माझ्या हातातली जुनी गाळणी घेतली, कागदात गुंडाळली आणि कचऱ्यात टाकून आली. आल्यावर तिने दोघांसाठी चहा टाकला. जावई उठेपर्यंत आम्ही तिच्या रुग्णांविषयी, पुढच्या गावाविषयी आणि नातवाच्या शाळेविषयी बोलत बसलो. इतके सलग आम्ही तिच्या लग्नानंतर बोललो नव्हतो.

मार्चच्या अखेरीला करार संपला. गाडीचे नळ सुटले, वीज सुटली, चाकांखालचे अडसर निघाले. ते पुढच्या गावी निघाले आणि मी विमानतळावर. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जावई मला नव्या गाळणीचे छायाचित्र पाठवतात. तिच्या पुठ्ठ्याच्या कडेवर बसवल्याची तारीख देवनागरी आकड्यांत लिहिलेली असते. परवाच्या छायाचित्रात तारखेखाली आणखी एक ओळ होती. अक्षर मोठे, वेडेवाकडे, पण मराठी. आजोबा फोनवरून बाराखडी शिकवतात त्याचे ते फळ. लिहिले होते : आत जोडे ठेवू नयेत.